मदत हवी आहे: अभ्यासिकेच्या फलकावर विधानसभेचे अध्यक्ष आणि परिषदेचे सभापती, रिकाम्या काळात कोणाचं नाव लिहू?

सीनाकाठ

नमस्कार मंडळी,

नगर जिल्ह्यातल्या एका गावात आम्ही वाचनालय आणि त्याला लागून अभ्यासिका चालवतो. राज्यसेवा, तलाठी, पोलीस भरती अशा परीक्षांची पंचवीसेक मुलंमुली रोज येऊन बसतात. मागच्या वर्षी माझे वडील गेले. सकाळी सात पाचच्या प्रादेशिक बातम्या लागल्या की घरात कुणी भांडं आपटलेलं त्यांना चालायचं नाही. अधिवेशन सुरू असलं की काल सभागृहात काय झालं ते चहाबरोबर आम्हाला सांगायचे. त्यांच्या नावाने काहीतरी करायचं मनात होतं, म्हणून अभ्यासिकेच्या भिंतीवर आठ बाय चारचा पत्र्याचा फलक लावायचं ठरवलं. एका बाजूला १९६० पासूनचे विधानसभेचे प्रमुख, दुसऱ्या बाजूला विधान परिषदेचे, वर्षांसकट. १ मे ला लावायचा आहे.

यादी एका स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकातून उतरवून पेंटरना दिली. परवा ते अर्धा रंगवलेला फलक दाखवायला घेऊन आले. निळ्यावर पिवळी अक्षरं, फार सुरेख. आणि मुलांनी उभ्या उभ्या चुका काढल्या. पेंटर म्हणाले, "ताई, रंग ओला आहे तोवर सांगा, वाळल्यावर खरवडावं लागेल." म्हणून घाईने इथे विचारते आहे.

पहिली गोष्ट, फलकावर दोन्हीकडे "सभापती" लिहिलं गेलंय. एक मुलगा म्हणाला, विधानसभेला अध्यक्ष असतो. दुसरा म्हणाला, गोव्यात विधानसभेलाच सभापती म्हणतात, त्याने पेपरात वाचलंय. दोघांचं खरं कसं?

दुसरी जास्त अवघड आहे. पुस्तकात नाना पटोले यांच्यापुढे २०१९ ते २०२२ छापलंय आणि त्यांच्याखाली लगेच राहुल नार्वेकर. पण पटोले यांनी २०२१ च्या फेब्रुवारीत राजीनामा दिला होता, हे तर मलाही आठवतं. मुलांना टीव्हीवर नरहरी झिरवाळ खुर्चीवर बसलेले आठवतात. परिषदेकडेही तेच. रामराजे नाईक निंबाळकर २०१५ ते २०२४ आणि पुढे राम शिंदे असं छापलंय, पण मधल्या काळात नीलम गोऱ्हे कामकाज चालवायच्या. ही नावं फलकावर यायला हवीत की नकोत?

हे विचारायचं खरं कारण वेगळं आहे. पोलीस भरतीची तयारी करणारी एक मुलगी फलक वरपासून खालपर्यंत वाचून मला म्हणाली, "ताई, एवढ्या नावांत एक पण बाई नाही?" मी परत वाचला. खरंच नाही. आणि जिथे एक बाई त्या खुर्चीवर बसून सभागृह चालवत होती, ती ओळ पुस्तकाने बुजवून टाकली आहे. मला उगाच कुणाला मोठं करायचं नाही, पण जे झालं ते पुसलेलंही नको. नियमाने काय लिहिता येईल ते कृपया सांगा.

मांडवी_तीर

तुमच्या दोन्ही मुलांचं बरोबर आहे. आमच्याकडे गोव्यात चाळीस आमदारांची एकच विधानसभा, वरचं सभागृह नाहीच. त्यामुळे सभापती म्हटलं की विधानसभेचाच, गोंधळ व्हायचा प्रश्न येत नाही. महाराष्ट्रात दोन सभागृहं आहेत, २८८ ची विधानसभा आणि ७८ ची परिषद. तिथे विधानसभेला अध्यक्ष आणि उपाध्यक्ष, परिषदेला सभापती आणि उपसभापती. डावीकडचा मथळा बदलून घ्या, उजवीकडचा तसाच राहू दे.

निवृत्त_प्रतिवेदक

ताई, विधिमंडळात प्रतिवेदक म्हणून माझी सारी नोकरी गेली. सभागृहात बोललेला शब्द न शब्द टिपून घ्यायचा, हेच काम. कार्यवाहीत बोलणाऱ्याच्या नावाइतकंच महत्त्वाचं असतं ते त्या वेळी पीठासनावर कोण होतं ते. त्यामुळे तुमचा प्रश्न मला फार जवळचा वाटला.

खुर्चीवर बसलेली प्रत्येक व्यक्ती अध्यक्ष नसते, हे आधी मुलांना समजावून सांगा. तीन प्रकार असतात. निवडून आलेले अध्यक्ष. ते नसतील तर उपाध्यक्ष. आणि दोघेही नसतील तेव्हा तालिकेवरचे सदस्य, ज्यांची नावं अधिवेशनाच्या सुरुवातीला जाहीर होतात. ५ जुलै २०२१ ला भाजपचे १२ आमदार निलंबित झाले, त्या दिवशी पीठासनावर तालिकेचे भास्कर जाधव होते. ते निलंबन सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०२२ ला रद्द केलं. एवढ्या मोठ्या निर्णयाच्या वेळी जाधव खुर्चीत असले, तरी अध्यक्षांच्या यादीत त्यांचं नाव येत नाही. नवी विधानसभा आली की शपथविधीपुरते हंगामी अध्यक्ष असतात, तेही येत नाहीत. नाहीतर कालिदास कोळंबकरांचं नाव २०१९ आणि २०२४ असं दोनदा लिहावं लागेल.

पण पद रिकामं असणं आणि अध्यक्ष त्या दिवशी सभागृहात नसणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संविधानाचा अनुच्छेद १८० वाचा. अध्यक्षाचं पद रिक्त असताना त्या पदाची कर्तव्यं उपाध्यक्ष पार पाडतात. परिषदेसाठी हेच अनुच्छेद १८४ मध्ये आहे. म्हणजे झिरवाळ किंवा गोऱ्हे तासाभरापुरत्या बसलेल्या नव्हत्या, त्या पदाचं सगळं काम त्यांच्याकडे होतं. आमदारांना अपात्रतेच्या नोटिसा काढण्याइतकं, हे जून २०२२ मध्ये सगळ्यांनी पाहिलं.

तारखा अशा. पटोले यांचा राजीनामा ४ फेब्रुवारी २०२१. नार्वेकर यांची निवड ३ जुलै २०२२, शिरगणतीत १६४ विरुद्ध १०७ मतांनी. मधले जवळपास सतरा महिने अध्यक्ष नव्हते. गुप्त मतदानाऐवजी आवाजी मतदानाने निवड करायची असा बदल तेव्हाच्या सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये नियमांत केला, राज्यपालांनी हरकत घेतली आणि निवडणूक अडकून पडली.

परिषदेचं कारण अगदी वेगळं. रामराजेंची सदस्यत्वाची मुदत ७ जुलै २०२२ ला संपली. ते आधीच पुन्हा निवडून आले होते, पण जुनं सदस्यत्व संपलं की सभापतिपदही संपतं, नव्या सदस्यत्वाबरोबर ते आपोआप परत मिळत नाही. गोऱ्हे यांचंही २०२० मध्ये असंच झालं होतं. एप्रिलमध्ये मुदत संपली, सप्टेंबरमध्ये उपसभापती म्हणून नव्याने निवड झाली. राम शिंदे सभापती झाले ते १९ डिसेंबर २०२४ ला, नागपूरच्या अधिवेशनात, बिनविरोध.

माझं मत: मुख्य ओळीत "पद रिक्त" लिहा, तारखा द्या आणि त्याच ओळीत खाली बारीक अक्षरात "कर्तव्ये उपाध्यक्षांकडे: नरहरी झिरवाळ" आणि "कर्तव्ये उपसभापतींकडे: डॉ. नीलम गोऱ्हे". यात कुणाला जास्तीचं पद दिलं जात नाही आणि काहीही लपत नाही.

मृदगंध

प्रतिवेदक काकांशी सहमत. त्या मुलीला जरूर सांगा, की तिने फलकावर जे पाहिलं ते बरोबर आहे. १९६० पासून महाराष्ट्रात विधानसभेला महिला अध्यक्ष किंवा परिषदेला महिला सभापती एकदाही झालेली नाही. राज्याला ६० वर्षं उलटून गेली तरी नाही. मुलाखतीत असा प्रश्न आला तर तिचं उत्तर पाठ केलेलं नसेल.

एक सुचवू का? विरोधी पक्षनेत्यांचा तिसरा रकाना करा. २०२४ च्या निकालानंतर विधानसभेत ते पद रिकामं राहिलं, त्यावर हल्ली हमखास विचारतात. विरोधातला सगळ्यात मोठा पक्ष २० आमदारांचा आणि एक दशांशाच्या संकेताने लागतात २९. पण राज्याच्या १९७८ च्या कायद्यात एक दशांशाचा उल्लेख नाही. विरोधातल्या सर्वाधिक सदस्यांच्या पक्षाचा नेता आणि अध्यक्षांनी दिलेली मान्यता, एवढंच त्यात आहे.

सीनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचं उत्तर मी अभ्यासिकेत मोठ्याने वाचून दाखवलं. पदाचं काम करणं आणि पदावर असणं यातला फरक मला स्वतःला इतका स्पष्ट कधी कळला नव्हता.

मृदगंध, विरोधी पक्षनेत्यांचा रकाना खरंच हवा, पण या पत्र्यावर आता वीतभरही जागा उरली नाही. त्यासाठी वेगळा फलक करू.

आणखी एक अडचण आहे. दुसऱ्या ओळीत "त्र्यंबक शिवराम भारदे, १९६२–१९७२" असं लिहिलंय. आमच्या जिल्ह्याचे, शेवगावचे बाळासाहेब भारदे ते हेच, हे एकाही मुलाला माहीत नव्हतं. दहा वर्षं अध्यक्षपद सांभाळलेला माणूस पन्नास-साठ किलोमीटरवरचा, आणि कागदावरच्या नावामुळे परका झाला. कंसात "बाळासाहेब" लिहिलेलं चालेल का? शिवाय १९६० च्या आधीचे कुंदनमल फिरोदिया आमच्या नगरचे. ते मुंबई प्रांताच्या विधानसभेचे अध्यक्ष होते, त्यांना इथे घेता येईल का?

निवृत्त_प्रतिवेदक

"बाळासाहेब" जरूर लिहा. लोक ज्या नावाने ओळखतात ते नाव फलकावर हवंच.

फिरोदियांना मात्र या यादीत घेऊ नका. तुमच्या फलकाचा मथळा महाराष्ट्र विधानसभा असा आहे. ते १९४६ ते १९५२ मुंबईच्या विधानसभेचे अध्यक्ष होते, त्यांच्या आधी ग. वा. मावळंकर, जे पुढे लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले. घ्यायचंच असेल तर १९३७ पासूनची मुंबईची यादी वेगळी करा. सयाजी सिलम हे दोन्हीकडचा दुवा आहेत. १९५६ पासून मुंबई राज्याच्या विधानसभेचे अध्यक्ष होते आणि १ मे १९६० ला तेच महाराष्ट्राचे पहिले अध्यक्ष झाले.

परिषदेच्या बाजूला वि. स. पागे यांच्यापुढे थोडी जागा असेल तर "रोजगार हमी योजनेचे जनक" एवढं लिहा, ही माझी विनंती. १९६० ते १९७८, अठरा वर्षं ते सभापती होते. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचा हा माणूस. १९७२ च्या दुष्काळात गावोगाव जी कामं निघाली, त्यामागे त्यांचा विचार होता. तुमच्या नगरच्या दुष्काळी पट्ट्यातल्या मुलांच्या आजी-आजोबांनी त्या कामांवर खडी फोडली असेल. घरी विचारायला सांगा.

सीनाकाठ

काका, विचारलं. अकरा जणांच्या घरून हो आलं. एकीच्या आजीने तर कोणत्या तलावाच्या बांधावर, किती दिवस, सगळं सांगितलं. पागे यांच्या नावापुढे ते शब्द लिहायचे ठरले.

काल पेंटर येऊन मथळा दुरुस्त करून गेले. मधल्या दोन ओळींचा मजकूर असा पक्का केला आहे, एकदा नजर टाका:

डावीकडे: "पद रिक्त, ४ फेब्रुवारी २०२१ ते ३ जुलै २०२२. कर्तव्ये उपाध्यक्षांकडे: नरहरी झिरवाळ."

उजवीकडे: "पद रिक्त, ७ जुलै २०२२ ते १९ डिसेंबर २०२४. कर्तव्ये उपसभापतींकडे: डॉ. नीलम गोऱ्हे."

उजवीकडची ओळ ज्या मुलीने प्रश्न विचारला तिनेच खडूने पत्र्यावर आखून दिली आहे. बारीक अक्षर पाऊण इंचाचं घेतलंय, मागच्या बाकावरून वाचता येतं की नाही ते तिने मागे बसून पाहिलं. काही बदलायचं असेल तर गुरुवारपर्यंत सांगा, शुक्रवारी सकाळी पेंटर त्यावर रंग भरणार आहेत.