स्टॉक स्लॉट कारचे लॅप टाइम: आठवड्याभरात क्रम उलटा कसा झाला?

चौथी_फेरी

मंडळी, जरा डोकं लावा. (नवख्यांसाठी: स्लॉट कार म्हणजे ट्रॅकमधल्या खाचेत, म्हणजे स्लॉटमध्ये, रुळांवरून वीज घेत धावणारी छोटी गाडी.) ट्रॅक स्केलेक्स्ट्रिक स्पोर्टचा, अ‍ॅनालॉग, दोन लेन. मध्यरेषेवर मोजला तर साधारण ७ मीटर, वळणं बहुतेक रेडियस २ (वळणांच्या ठरलेल्या मापांतलं दुसरं). हॉलच्या फरशीवर शनिवारी मांडतो, रविवारी रात्री उचलून खोक्यात. अडॉप्टर १५ व्होल्ट, १.२ अँपिअर. वेळ इन्फ्रारेड सेन्सरने घेतो, हजारांश सेकंदापर्यंत दिसते.

गाड्या तीन, सगळ्या १:३२, खोक्यातून काढल्या तशा, पोटाखालच्या मॅग्नेटसकट (तो गाडीला रुळांकडे ओढून धरतो): स्केलेक्स्ट्रिकची एक जीटी३, स्केलेक्स्ट्रिकचीच मिनी, आणि स्लॉट.इटची पोर्श ९५६. प्रत्येकीच्या तीसेक फेऱ्या काढून सर्वांत जलद फेरी लिहून ठेवली.

पहिला शनिवार: पोर्श ३.३८, जीटी३ ३.४१, मिनी ३.६२.
दुसरा शनिवार: जीटी३ ३.४४, पोर्श ३.५३, मिनी ३.६०.

गाड्यांना मधे हातही लावलेला नाही. पोर्श दीड दशांशाने मागे गेली आणि मिनी उलट सुधारली. यातली खरी वेगवान कोणती, आणि भरवसा ठेवता येईल अशी तुलना करायची कशी?

ओहमपंत

गाड्यांना हात लावला नाहीत, पण ट्रॅकला लावलात की. पूर्ण उचललात आणि परत मांडलात. म्हणजे तीसेक जोड नव्याने बसले, आणि प्रत्येक जोड हा एक छोटा रेझिस्टर असतो.

गंमत अशी की ट्रॅक लूप असल्यामुळे पॉवर बेसपासून (अडॉप्टर जोडतो तो तुकडा) वीज दोन्ही बाजूंनी पोचते. एखादा जोड पार मेला तरी गाडी थांबत नाही, पलीकडच्या बाजूने वीज मिळतेच, फक्त लांबच्या भागात गाडी जरा मंद होते. म्हणून असा जोड डोळ्याला सापडत नाही.

नुसता मल्टिमीटर रुळांवर टेकवून १५ व्होल्ट दिसले म्हणून खूश होऊ नका. भार नसताना कुठेही १५च दिसणार. १५ ओहम, २० वॉटचा सिमेंटचा रेझिस्टर आणा, म्हणजे १ अँपिअरच्या आसपास भार पडतो, अडॉप्टरला झेपेल इतका. एकाला कंट्रोलर पूर्ण दाबून धरायला सांगा आणि रेझिस्टर एका लेनच्या दोन रुळांवर टेकवून तिथेच व्होल्टेज बघा. आधी बेसशेजारी, मग ट्रॅकच्या सगळ्यांत लांबच्या टोकाला. पाच सेकंदांच्या वर धरू नका, रेझिस्टर भाजतो. दोन आकड्यांत पाव व्होल्टाचा फरक असेल तर सोडून द्या. एक व्होल्टाच्या पुढे असेल तर तुमचे लॅप टाइम गाडीचे नाहीत, जोडांचे आहेत.

दोषी जोड शोधायला रेझिस्टर लांबच्या टोकालाच ठेवा आणि मीटर मिलिव्होल्टवर लावून एकाच रुळाच्या जोडाच्या अलीकडे-पलीकडे टेकवत जा. चांगल्या जोडावर थोडेच मिलिव्होल्ट दिसतात, बिघडलेल्यावर आकडा एकदम शंभर-दोनशेवर उडी मारतो. तिथे रुळाच्या टोकाची खाच बारीक पकडीने अगदी हलकेच आवळायची. आणि प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर मार्करने नंबर घाला, म्हणजे दर शनिवारी तोच तुकडा त्याच जागी आणि त्याच दिशेने बसेल.

पावसाळ्यात रुळांवर तपकिरी थर येतो, तो साध्या खोडरबराने निघतो. स्टील वूल मात्र चुकूनही वापरू नका. त्याचे तंतू मॅग्नेटला चिकटतात, तिथून मोटरच्या पोटात जातात, आणि मग मोटर बदलावी लागते.

मधली_लेन

पंतांचं सगळं मान्य. पण पहिला प्रश्न हा की कोणत्या लेनवर? तुम्ही लिहिलंच नाहीत.

स्पोर्ट ट्रॅकच्या दोन लेनमधलं अंतर ७८ मिमी. ट्रॅक स्वतःला न ओलांडता एक पूर्ण वळसा घेत असेल, तर बाहेरची लेन आतल्यापेक्षा २ × ३.१४ × ७८, म्हणजे ४९० मिमी लांब असते. मधे कितीही डावी-उजवी वळणं घाला, हा फरक बदलत नाही. ७ मीटरच्या ट्रॅकवर हे ७ टक्के झाले. इंग्रजी आठच्या आकाराचा, पुलावरून जाणारा ट्रॅक असेल तर फरक शून्य.

मग आतल्या लेनची वेळ ७ टक्क्यांनी वाढवून हिशेब जुळवावा असं कुणाच्याही मनात येईल. जुळत नाही. रेडियस २ मध्ये आतल्या लेनची त्रिज्या २५५ मिमी, बाहेरची ३३३. पकड तेवढीच धरली तर वळणातला वेग त्रिज्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चालतो, म्हणजे बाहेरची गाडी वळणात १४ टक्के जास्त वेगात असते. अंतर जास्त असल्याने तिला वळण पार करायला वेळही १४ टक्के जास्त लागतो, पण ती सरळ भागात शिरते ती आधीच वेगात. जिची मोटर वेग पटकन उचलते तिला आतली लेन फारशी नडत नाही. जड आणि सावकाश वेग घेणारीला नडते. म्हणजे लेनचा फरक गाडीगणिक वेगळा. म्हणून प्रत्येक गाडी दोन्ही लेनवर चालवायची आणि सरासरी घ्यायची, याला पळवाट नाही.

चाचणी घेताना दुसऱ्या लेनवर गाडी नको. दोघींचा अडॉप्टर एकच आहे, शेजारीण वेग घेताना तुमचा व्होल्ट खाते.

आता मुख्य मुद्दा. सर्वांत जलद फेरी हा आकडा तुमच्या बोटाचा आणि नशिबाचा असतो, गाडीचा कमी. असं करा:

पहिल्या १० फेऱ्या गरम होण्यासाठी, लिहायच्याच नाहीत. त्यानंतरच्या २० फेऱ्या लिहा. चढत्या क्रमाने लावा आणि दहाव्या-अकराव्याची सरासरी घ्या. हा मध्यक. गाडी उडालेली (स्लॉटमधून बाहेर पडलेली) फेरी त्यात धरायची नाही, पण ती वेगळ्या रकान्यात मोजायचीच. काही जण ती सोडून देतात आणि मग शर्यतीत हरल्यावर आश्चर्य करतात.

दोन गाड्यांची तुलना करताना आधी पोर्श, मग जीटी३, पुन्हा जीटी३, शेवटी पोर्श, या क्रमाने चालवा. संध्याकाळभरात रूळ घासून साफ होतात, टायरचं रबर ट्रॅकवर बसतं, पकड वाढत जाते. जी गाडी नेहमी शेवटी चालते तिला हा फायदा फुकट मिळतो. मोटरचं उलट असतं. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्क्याने वाढतो, म्हणजे मोटर २० अंशांनी तापली की ८ टक्के.

आणि एक गाडी संदर्भ म्हणून ठेवा. मिनी ठेवा, ती शांत आहे. सुरुवातीला, मधे आणि शेवटी तिच्या २०-२० फेऱ्या. तिचा मध्यक जेवढा हलेल तेवढी तुमच्या ट्रॅकची थरथर. त्याच्या आतला कोणताही फरक म्हणजे बरोबरी, सेन्सर हजारांश दाखवत असला तरी.

रबरबुंद

दोघांनी ट्रॅक आणि गणित घेतलं, मी खाली वाकून गाडीकडे बघतो.

"खोक्यातून काढली तशी" ही व्याख्या कागदावर सोपी आहे. खोक्यातून आलेल्या टायरवर साच्याचं तेल असतं, ते वीस फेऱ्यांत निघतं. मग गाडी स्टॉक कधी, पहिल्या फेरीला की एकविसाव्या? स्टॉक म्हणजे सुटा भाग बदललेला नाही, काही घासलेलं नाही, मॅग्नेट आहे तिथेच आहे. टायर पुसणं, अ‍ॅक्सलच्या बुशला सुईच्या टोकाने तेल लावणं, ब्रेड (खायचा नव्हे, गाईडखालच्या त्या तांब्याच्या विणलेल्या पट्ट्या; गाईड म्हणजे स्लॉटमध्ये बसणारी पुढची जीभ) सरळ करणं हे चालेल. बॉडीचे स्क्रू अर्धा आटा सैल करणं मी स्टॉकमध्ये धरत नाही. त्याने बॉडी चेसिसवर हलती होते आणि काही गाड्या लगेच सुधारतात, म्हणजे ती ट्यूनिंगच. टायर सँडपेपरवर फिरवून गोल करणं तर नक्कीच नाही.

टायर पुसायला पार्सलची टेप चिकट बाजू वर करून टेबलावर लावा आणि मागची चाकं तिच्यावर दोन-तीनदा फिरवा. टेपवर राखाडी पट्टा उमटणं थांबेपर्यंत. फरशीवरचा ट्रॅक म्हटलं की धूळ आलीच, दर २० फेऱ्यांनंतर हे करा आणि सगळ्या गाड्यांना सारखंच करा.

ब्रेड गाडी उलटी करून बघा. टोकं काळी पडून गुंडाळलेली असतील तर बोटाने सपाट करून टोकाशी पंख्यासारखी थोडी फाका. जास्त खाली वाकवल्या तर पुढची चाकं अधांतरी होतात आणि गाईड स्लॉटमधून वर येतं. वळणात शिरताना उडणाऱ्या निम्म्या गाड्यांचं दुखणं हेच असतं.

आता मॅग्नेट. मॅग्नेटसकट धावणाऱ्या गाड्यांत लॅप टाइमचा मोठा वाटा त्याचाच, आणि तो रुळापासून किती उंचीवर आहे याचा. अर्ध्या मिलिमीटरने ओढ बरीच बदलते. ही ओढ मोजायला बरेच जण ट्रॅकचा तुकडा वजनकाट्यावर ठेवतात आणि त्यावर गाडी. काट्यावर फक्त दोघांचं वजन दिसतं, कारण मॅग्नेट आणि रूळ एकमेकांना ओढतात, काट्याला नाही. त्याऐवजी ट्रॅकचा तुकडा दोन खुर्च्यांमध्ये उलटा बांधा, गाडी खालून चिकटवा आणि गाईड टेपने अलगद अडकवा. मागच्या अ‍ॅक्सलला दोऱ्याने छोटी प्लास्टिकची पिशवी टांगा आणि १० मिलिच्या सिरिंजने पाणी घालत जा. मागचा भाग सुटला की थांबा. १ मिलि म्हणजे १ ग्रॅम. गाडीचं स्वतःचं वजनही त्यात आहेच, त्यामुळे हा आकडा तुलनेपुरता. खाली टॉवेलची जाड घडी ठेवा.

तुमच्या पोर्शबद्दल एक. स्लॉट.इटची मिनिटाला २१,५०० फेरे घेणारी मोटर आणि ९/२८ गिअर असतील, तर स्केलेक्स्ट्रिकच्या १८,००० आणि ११/३६ पेक्षा ती कागदावर खूप पुढे दिसते. दात मोजून घ्या. पण ७ मीटरच्या ट्रॅकवर वरचा वेग गाठायला जागाच नाही. तिथे वळणातून बाहेर पडताना किती खेचते आणि ट्रिगर सोडल्यावर किती थांबते, एवढंच कामाचं. त्यामुळे मोठ्या क्लब ट्रॅकवर कोण कुणाला मागे टाकतं ते घरी आणू नका.

चौथी_फेरी

तिघांचे आभार. या शनिवारी सगळं केलं. लांबच्या टोकाला १.१ व्होल्ट पडत होते. बऱ्याच जोडांवर १९० मिलिव्होल्टच्या आसपास सापडले, ते सगळे आवळल्यावर एकूण फरक ०.४ वर आला. लेनचं म्हणाल तर, होय, दुसऱ्या शनिवारी पोर्श आतल्या लेनवर होती आणि जीटी३ बाहेरच्या. माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मध्यक असे:
मिनी (संदर्भ, बाहेरची लेन): ३.६६, ३.६४, ३.६९.
जीटी३: आत ३.४९, बाहेर ३.५२.
पोर्श: आत ३.४७, बाहेर ३.४३.

पाण्याच्या पिशवीत जीटी३ने १४५ मिलि धरलं, पोर्शने ९०. उडालेल्या फेऱ्या: दोन्ही लेनच्या ४० फेऱ्यांत जीटी३ १, पोर्श ५. म्हणजे पोर्श जिंकली ना?

मधली_लेन

थरथर ०.०५ ची. सरासरी जीटी३ ३.५०५, पोर्श ३.४५, फरक ०.०५५. इतक्यावर जिंकली म्हणवत नाही. फार तर "बहुधा थोडी जलद". बाहेरच्या लेनवर ०.०९ चा फरक आहे तो मात्र खरा दिसतो. आणि पोर्श बाहेर जास्त जलद, जीटी३ आत, हे बघितलंत? गाडीगणिक म्हटलं ते हेच.

पण ३ मिनिटांची शर्यत लावून बघा. १८० सेकंदांत जीटी३ ५१.४ फेऱ्या, पोर्श ५२.२. पाऊण फेरीचा फायदा, म्हणजे पावणेतीन सेकंद. ४० फेऱ्यांत ५ वेळा उडणारी गाडी ५२ फेऱ्यांत सहा-सात वेळा उडणार, जीटी३ एखाद वेळा. उडालेली गाडी शोधून परत स्लॉटमध्ये बसवायला ४ सेकंद धरा. आता सांगा.

रबरबुंद

९० मिलिला इतकं उडणं अपेक्षितच. पोर्श थोडी हळू चालवा, फेरी ३.५५ धरून. उडणं थांबतं का ते पाहा आणि तिथला मध्यक लिहा, तो आकडा जास्त कामाचा. आणि ती पिशवी फुटण्याआधी काढलीत ना? मोटरमध्ये पाणी गेलं असेल तर चालू करू नका, दिवसभर पंख्याखाली ठेवा, मग बुशला पुन्हा तेल.

चौथी_फेरी

पिशवी सलामत. टॉवेल ओला.