विषय: सिनेमाची वर्गणी भरतंय कोण, बघतंय कोण?

प्रेषक: मराठी शाळा समिती

नमस्कार मंडळी,
शाळेशी संबंध नसलेला प्रश्न विचारते, रागावू नका. आमच्या कार्डाच्या स्टेटमेंटवर घरबसल्या सिनेमे भाड्याने देणाऱ्या एका कंपनीचं नाव दर महिन्याला दिसतं. लेक म्हणते बाबांनी घेतलं. बाबा म्हणतात मुलांच्या सुट्टीसाठी घेतलं असेल. लॉगिन कोणाच्या ईमेलवर आहे, कोणालाच ठाऊक नाही, आणि अ‍ॅप तर फोनवरून कधीच गेलंय. पुढच्या महिन्यात कार्डाची मुदत संपते, मग आपोआप बंद पडेल, असं ह्यांचं म्हणणं. पडेल का हो?

---

प्रेषक: खजिनदार

> मग आपोआप बंद पडेल

ताई, त्या भरवशावर राहू नका. व्हिसा आणि मास्टरकार्ड, दोघांकडेही अशी सोय आहे की बँकेनं नवं कार्ड दिलं की नवा क्रमांक आणि मुदत वर्गणी घेणाऱ्या कंपनीला परस्पर कळू शकते. अ‍ॅप उडवल्यानंही काही होत नाही. वर्गणी खात्यावर असते, फोनवर नाही.

आधी पैसे नक्की कोणाकडे जातात ते बघा. ओळीत अ‍ॅपल किंवा गूगलचं नाव असेल तर कंपनीच्या साइटवर बटण शोधत बसू नका. अ‍ॅपलचं फोनच्या सेटिंगमध्ये आपल्या नावाखाली सबस्क्रिप्शन्समध्ये बंद होतं, गूगलचं प्ले स्टोअरमध्ये. थेट कंपनीचं नाव असेल तर घरातल्या प्रत्येकाच्या ईमेलमध्ये ते नाव टाकून शोधा. कॉलेजची, जुन्या ऑफिसची, आजी-आजोबांना काढून दिलेली, सगळी खाती. स्वागताचं पत्र कुठेतरी सापडतंच. नाहीच सापडलं तर कंपनीला फोन करा. कार्डाचे शेवटचे चार आकडे, तारीख आणि रक्कम सांगितली की बऱ्याच जणांना खातं शोधता येतं.

आणि बंद करण्याआधी खात्यात पाहिलेल्या सिनेमांची यादी असते, ती उघडून बघा.

---

प्रेषक: ग्रंथालय विभाग

खजिनदारकाकांनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त फाटे फोडतो.

टपालानं डीव्हीडी यायच्या त्या काळी घेतलेली वर्गणी निदान डोळ्यांपुढे असायची. नेटफ्लिक्सनं मासिक वर्गणी १९९९ मध्ये सुरू केली. उशिराचा दंड नाही, हेच तिचं मोठं आकर्षण. पण दंड नाही म्हणजे परत करायची घाईही नाही. तबकडी टीव्हीवर पडून, वर्गणी चालू. २००९ मध्ये मिल्कमन, रॉजर्स आणि बेझरमन यांचा एक अभ्यास छापून आला, ऑस्ट्रेलियातल्या ऑनलाइन डीव्हीडी भाड्याच्या नोंदींवरचा. लोक ‘बघायला हवेत’ असे सिनेमे, म्हणजे माहितीपट वगैरे, मारामारीच्या सिनेमांपेक्षा जास्त दिवस घरी ठेवून घेत. आमच्या ग्रंथालयातल्या वैचारिक पुस्तकांचं दुसरं काय होतं! असो. नेटफ्लिक्सची टपालसेवा सप्टेंबर २०२३ मध्ये थांबली, आणि आठवण करून देणारी ती लाल पाकिटंही गेली.

कार्डाच्या मुदतीवरून आठवलं. अर्थशास्त्रज्ञ लिरन आयनाव्ह आणि सहकाऱ्यांनी नेमकं तेच तपासलं. ज्यांचं कार्ड बदललं आणि वर्गणी चालू ठेवायला काहीतरी करावं लागणार होतं, त्यांच्यात सोडून देणारे त्या महिन्यात एकदम वाढले. म्हणजे नको ती आधीपासूनच होती, कोणी विचारलं नव्हतं इतकंच.

पण हे सगळे अभ्यास एकेका माणसाचे किंवा एकेका कार्डाचे. घरातलं गणित निराळं. भरणाऱ्याला वाटतं पोरं बघत असतील, पोरांना वाटतं ते फुकटच आहे, आणि जिनं घेतलं ती विचारायला गेली की ‘असू दे, लागेल कधीतरी’. यात विसरतं कोणीच नाही. प्रत्येकाला अर्धंच माहीत असतं. म्हणून वहीत नुसती वर्गणीची यादी करून भागत नाही, ‘कोणासाठी’ हा रकाना हवा. तो कोरा राहिला की बंद करायचं.

---

प्रेषक: कार्यक्रम समिती

वही कोण भरणार, काका? आमच्याकडे किराण्याची यादी टिकत नाही. माझं ऐका. घेतल्या दिवशीच पुढचं नूतनीकरण बंद करून टाकायचं. पैसे भरलेले असले की बहुतेक ठिकाणी महिना संपेपर्यंत बघता येतं. फुकटच्या मुदतीत मात्र जपून, काही कंपन्या तिथल्या तिथं दार लावतात.

भारतातल्या कार्डांवर बरं आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं २०२१ च्या ऑक्टोबरपासून असे पैसे कापायच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवावं लागतं. आईला तिकडे तो मेसेज आला की ती लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर मला जाब विचारते. तिच्या नावावर नको असलेलं काही टिकतच नाही.

---

प्रेषक: मराठी शाळा समिती

सापडलं! सासूबाईंच्या ईमेलवर होतं, मागे त्या आल्या तेव्हा ह्यांनीच काढून दिलेलं. खजिनदारकाका म्हणाले तशी यादी उघडली, तर परवाच्या दुपारपर्यंतचे सिनेमे. म्हणजे त्या तिकडे बसून टॅबवर नेमानं बघतायत. फोनवर विचारलं तर म्हणाल्या, ‘बंद कशाला करतेस, एक अर्धा राहिलाय.’

तर चालू ठेवलंय. ग्रंथालयवाले काका, तुमच्या त्या रकान्यात नाव लिहिलं.