रील पिढीचे कान बिघडलेत म्हणे. मग कापतंय कोण?

टीवायवाला_माटुंगा

गिरगावकर काकांची कालची पोस्ट वाचली आणि असाइनमेंट बाजूला टाकून हे टाइप करतोय, म्हणजे डोकं किती फिरलं असेल बघा. ज्यांची वाचायची राहिली त्यांच्यासाठी थोडक्यात: आजच्या पोरांना पंधरा सेकंदांच्या वर गाणं सोसत नाही, आमचे कान रेडिओने घडवले, नंतरच्या पोरांना निदान एमटीव्ही-चॅनल व्ही तरी सगळ्यांचं मिळून होतं, आता जो तो कानात बोंडं घालून आपल्याच तंद्रीत, आणि रॅप म्हणजे यमकात बसवलेल्या शिव्या. खाली "अगदी मनातलं बोललात"ची रांग.

पंधरा सेकंदांचं आधी. मी मास मीडियाच्या शेवटच्या वर्षाला आहे, सुट्टीत अंधेरीच्या एका छोट्या एजन्सीत इंटर्न होतो, आणि माझं काम होतं गाण्यांचे तुकडे पाडणं. एक मराठी गाणं आलं होतं, भावगीताच्या वळणाचं, सुरुवातीला चांगली लांबलचक बासरी. मी टाइमलाइनवर तो बासरीचा पट्टा सिलेक्ट केला आणि डिलीट मारला, कारण वरून ऑर्डर होती की गायिकेचा आवाज पहिल्या तीन सेकंदांत आला पाहिजे. ऑर्डर देणारा साहेब, काका, तुमच्याच वयाचा, घरी कुमार गंधर्व ऐकतो. स्पॉटिफायवर तीस सेकंद वाजलं की एक प्ले मोजला जातो, म्हणून मुखडा पुढे सरकला आणि इंट्रो मेला, ह्यात माझ्या कानांनी काय घोडं मारलंय?

आणि तुमचं ते "पूर्ण" गाणं तरी कुठून आलं? मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीत एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची. १९०२ मध्ये कलकत्त्यात गायिका गौहर जानने तेवढ्यात गाणं बसवलं आणि शेवटी स्वतःचं नावही सांगून मोकळी झाली. तेव्हा कितीतरी उस्ताद त्या रेकॉर्डिंगच्या भोंग्यासमोर गायलाच तयार नव्हते. नाटकात वन्समोअर घेत घेत रंगणारं पद तबकडीवर तीन मिनिटांत आटपलं, आणि त्यालाच तुम्ही आता अस्सल म्हणता.

रेडिओने कान घडवले म्हणे. कुठल्या? केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीवर सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार होती, म्हणून पब्लिक श्रीलंकेतल्या रेडिओ सिलोनकडे पळालं, १९५२ पासून तिथे अमीन सायानींची गीतमाला, म्हणजे गाण्यांना नंबर लावणारा कार्यक्रम, आणि इतके श्रोते गेल्यावर १९५७ ला विविध भारती काढावी लागली. म्हणजे तुमच्या लाडक्या गाण्यांनाही वरच्या लोकांनी थिल्लरच ठरवलं होतं. एमटीव्ही तर आईला विचारलं, ती म्हणे आमच्या चाळीत केबलच नव्हती, सगळ्यांचं मिळून म्हणजे नक्की कोणाचं?

रॅपचं एकच सांगतो. २०१९ मध्ये मुंबईच्या स्वदेसी या रॅप ग्रुपने आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईरांना घेऊन आरेचं जंगल आणि वारली आदिवासींवर जे गाणं केलं ते ऐका आणि त्यातली शिवी शोधून दाखवा.

गिरगावकर_जुना

बाळा, लिहितोस बरं. पण तुझ्याच कोर्टात तुझीच साक्ष काढतो. बासरी कापली कोणी? तू. वरून ऑर्डर होती ही सबब आमच्या काळी बँकेतले क्लार्क द्यायचे. "नको सर, छान आहे" एवढं एक वाक्य तोंडातून निघालं नाही?

तीन मिनिटांची तबकडी ही अडचण होती, आणि त्या अडचणीत लोकांनी कारागिरी केली. तुम्हाला अडचण कसली? पाहिजे तेवढं लांब करा, कोण अडवतंय! तरी सगळी पळापळ तुकड्याकडेच.

केसकरांबद्दल अर्धंच वाचलंयस. त्यांच्याच काळात संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, संस्थानं गेल्यावर उघड्यावर पडलेल्या किती गवयांच्या चुली आकाशवाणीवर पेटल्या तेही लिही ना. आणि सिलोन मी पण ऐकलंय. बुधवारी आठ वाजता वाडीत एकाच घरी रेडिओ नीट लागायचा, खरखर मधे आली की सगळे एकदम "अरे अरे" करायचे, आणि गीतमालेत खालच्या नंबरच्या गाण्याला वर ढकललं म्हणून दोन बिऱ्हाडांत दुसऱ्या दिवसापर्यंत अबोला. तुमच्यात एका गाण्यावरून भांडण तरी होतं का रे?

टीवायवाला_माटुंगा

आत्ता चाललंय ते काय आहे काका?

आणि "नको सर" म्हणायला स्टायपेंड लागतो, तो नव्हता.

एफएमग्रस्त

धाग्याचा विषय चांगला आहे पण मूळ रोग कोणीच बोलत नाहीये. मुंबईत खाजगी एफएम येऊन वीस वर्षं उलटली, आणि मराठीच्या राजधानीत मराठी गाणं ऐकायचं तर गुढीपाडवा, महाराष्ट्र दिन नाहीतर गणपती यायची वाट बघायची. मी ठाण्याहून रोज गाडी चालवत बीकेसीला जातो, ईस्टर्न एक्सप्रेसवर कुर्ल्यापर्यंत सगळी बटणं फिरवून होतात, एक मराठी ओळ नाही. एकदा एका स्टेशनला फोन लावला, आरजे पोरगी मराठीच होती, ऑफ एअर म्हणते कशी, सर आम्हालाही वाटतं पण प्लेलिस्ट वरून येते. पोरांना दोष देताय, कानावर पडलं तर आवडेल ना!

सावंतवाडी_ते_बोरिवली

आकाशवाणीची अस्मिता वाहिनी लावा की. की तिथे जाहिराती कमी म्हणून करमत नाही?

एफएमग्रस्त

अहो अस्मिता मिडियम वेव्हवर आहे, गाडीत वरून मेट्रोचा सांगाडा, बाजूला विजेच्या तारा, नुसती घरघर. ॲपवर लागते हे सांगायला येऊ नका, मला माहितीय. मग माझा डेटा जाळून ऐकायचं आणि फुकटच्या एफएमवर दिवसभर तीच दहा हिंदी गाणी? आपण बिलं भरायची आणि...

निनाद_रेकॉर्डिस्ट

एफएमवाले भाऊ, तुमचं नंतर. आधी बासरी.

मी स्टुडिओत बसतो म्हणून सांगतो, इंट्रो नुसता अल्गोरिदमने मेला नाही, पैशाने मेला. पूर्वी महालक्ष्मी-ताडदेवला रेकॉर्डिंग म्हणजे व्हायोलिनवाले, ढोलकीवाले, अरेंजर सगळे एका हॉलमध्ये, आणि एवढे वादक बोलावलेत तर त्यांना वाजवायला जागा द्यायलाच लागायची, इंट्रो, मधलं म्युझिक, सगळं. आता एक पोरगा लॅपटॉप घेऊन येतो, बासरीसुद्धा कीबोर्डातली, तिला किती वेळ ऐकवणार? खरा बासरीवाला बोलवू म्हटलं की प्रोड्यूसर माझ्याकडे बघतो जसा काही मी त्याची किडनी मागितली.

पैशाचं पुढे ऐका. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा कायद्याने पक्का केला, लिहून द्यायचं म्हटलं तरी देता येत नाही. तरी नवीन पोरांसमोर "वन टाइम पेमेंट, सगळे हक्क आमचे" असले कागद ठेवणारे आहेत, आणि पोरं सह्या करतात, कारण घरी दाखवायला पोस्टर पाहिजे असतं. स्पॉटिफायचा २०२४ पासूनचा नियम, बारा महिन्यांत हजार प्ले झाले नाहीत तर त्या गाण्याला दमडी नाही. म्हणून सगळी कुतरओढ रीलवर चढायची. टीवायवाला, मुद्दा तुझा बरोबर आहे, पण "माझ्या कानांनी काय घोडं मारलं" हे म्हणू नकोस. स्किपचं बटण कोणाचा अंगठा दाबतो?

टीवायवाला_माटुंगा

अंगठा माझा, मान्य. कॅसेटला फॉरवर्डचं बटण तुमच्या पिढीने शोभेला ठेवलं होतं हेही मान्य.

कन्नमवारनगर_विक्रोळी

सगळं वाचलं. सिलोन, आकाशवाणी, एमटीव्ही, ताडदेव. तरुणांचं माध्यम म्हणून तुम्हाला एवढंच आठवतं, आणि हे मला अजिबात नवीन नाही.

माझ्या बापाच्या पिढीचं माध्यम कॅसेट. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, पुढे आनंद शिंदे. रेडिओच्या ऑडिशनमध्ये कोण पास कोण नापास ह्याची फिकीर न करता गाणं वस्तीवस्तीत पोचलं. त्याच्याआधी वामनदादा कर्डक, मुंबईत येऊन मोठेपणी अक्षरं शिकले आणि लोकांच्या तोंडी बसतील अशी आंबेडकरी गाणी लिहीत गेले, त्यांना कुठल्या आरजेची परवानगी लागली नाही. सहा डिसेंबरला दादरला या, शिवाजी पार्कात पुस्तकांच्या स्टॉलला लागून गाण्यांचे स्टॉल, आधी कॅसेट, मग सीडी, मग पेनड्राइव्ह. विशीतली पोरं नवीन गाणी घेऊन विदर्भात, मराठवाड्यात परत जायची. ह्याला वितरण म्हणतात. तुमच्या "सगळ्यांच्या मिळून" मध्ये हे कधीच नव्हतं.

गिरगावकर_जुना

प्रल्हाद शिंदेंचा आवाज थोरच, त्याबद्दल दुमत नाही. पण कॅसेटने पुढे जे काही द्व्यर्थी चाळे आणले, आणि आता डीजेच्या भिंती लावून जो धिंगाणा चालतो, त्यालाही संस्कृतीच म्हणायचं का? अभिरुची म्हणून काही चीज असते.

कन्नमवारनगर_विक्रोळी

आलात ना शेवटी लाइनीवर. डीजेची भिंत गणपतीत तुमच्या गिरगावात लागत नाही? दहीहंडीला लागत नाही? तिथे "उत्साह", आणि आमच्याकडे "धिंगाणा". द्व्यर्थीचं म्हणाल तर दादा कोंडकेंच्या सिनेमाला रांग लावणारे सगळे काय वस्तीतलेच होते? तेव्हा अभिरुची बाल्कनीत बसून खदाखदा हसत होती.

गिरगावकर_जुना

मी गिरगाव वगळलं असं कुठे म्हटलं? विसर्जनाच्या दिवशी माझ्या खिडकीच्या काचा थरथरतात, आईला कानात कापूस घालून आतल्या खोलीत बसवतो. शब्द माझ्या तोंडात कोंबू नका. प्रत्येक गोष्टीत जात काढायची सवय झालीय.

कन्नमवारनगर_विक्रोळी

काढावी लागत नाही, समोरच असते. तुमच्या मूळ पोस्टमध्ये पन्नासेक नावं आहेत, गायक, कवी, निवेदक. त्यात एक शिंदे नाही, एक उमप नाही, एक कर्डक नाही. मी फक्त मोजलं.

एफएमग्रस्त

विक्रोळीकरांना शंभर टक्के अनुमोदन, आणि हीच गाणी एफएमने लावली असती तर...

निनाद_रेकॉर्डिस्ट

नाही लावत. पुढे.

वेसाव्याची_पोर

एवढी भांडणं झाली पण मधला एक काळ कोणालाच आठवला नाही. कॅसेट संपली आणि जिओ यायचं होतं, त्या काळात आमची सगळी गाणी मेमरी कार्डवर होती. माझ्या भावाचं बंदराजवळ मोबाईलचं दुकान, पोरं यायची, कार्ड काढून काउंटरवर ठेवायची, "भरून दे". भाऊ फोल्डर तयार ठेवायचा: कोळी नवीन, कोळी जुनी, हळद, डीजे, आणि एक नुसता "सॅड". सॅड सगळ्यात जास्त खपायचा, प्रत्येकाला वाटायचं आपलंच दुःख मोठं. वेसावकर आणि मंडळींची कॅसेटवरची गाणी कोणीतरी कुठूनतरी उतरवलेली, मधेच कॅसेट गुंडाळल्याचा आवाज, तसाच कॉपी होत होत पार वसईपर्यंत गेला.

लांबीचं म्हणाल तर हळदीत गाणी तुकड्यात वाजतच नाहीत, एकात एक जोडून अर्धा अर्धा तास चालतात, आणि नाचणारी सगळी ह्या टीवायवाल्याच्या वयाची. काका, पंधरा सेकंदवाली पोरं बघायची असतील तर आमच्याकडे नका येऊ, पाय दुखतील.

टीवायवाला_माटुंगा

हे मला माझ्या प्रोजेक्टमध्ये पाहिजे!! ताई, भावाशी बोलता येईल का? आमच्या सिलॅबसमध्ये कॅसेटनंतर डायरेक्ट स्ट्रीमिंगच येतं.

गिरगावकर_जुना

अर्ध्या तासाचं गाणं ऐकतात हे वाचून बरं वाटलं. म्हणजे माझा मुद्दा सरसकट बरोबर नव्हता, मुंबईच्या एका बंदरापुरता सोडून बरोबर होता.

विक्रोळीकर, वामनदादांचं काय आधी ऐकू सांगा. उपहास नाही, खरंच विचारतोय.

कन्नमवारनगर_विक्रोळी

उपहास नाही हे मुद्दाम लिहावं लागतंय ह्यातच आलं सगळं. यादी पाठवतो. पण ऐकून झाल्यावर "आमच्या भावगीतासारखं नाही" असं आलं तर बघा.

सावंतवाडी_ते_बोरिवली

ताई, एक शंका. आता तर सगळ्यांकडे नेट आहे, मग भावाचं कार्ड भरायचं काम बंद पडलं असेल ना?

वेसाव्याची_पोर

कमी झालं, बंद नाही. बोटी खोल समुद्रात कितीतरी दिवस असतात, तिथे नेटवर्क कुठलं? जायच्या आदल्या दिवशी खलाशी येतात अजून. त्यातले बरेच आता बाहेरून आलेले, मग भोजपुरीचाही एक फोल्डर करायला लागलाय, बोटीवर आपली कोळी आणि ती, दोन्ही आळीपाळीने वाजतात.

एफएमग्रस्त

बोटीवर एफएम लागत नाही का?

वेसाव्याची_पोर

किनाऱ्याच्या जवळ लागतो, पुढे गेलं की खल्लास. आणि लागला तरी काय ऐकायचं, मराठी लावतच नाहीत म्हणून सकाळपासून तुम्हीच बोंबलताय ना?