इतिवृत्तातील ‘सट्टा’ या शब्दाबाबत

अ-२०१ : सचिव महोदय, सभेच्या इतिवृत्तात माझ्या प्रस्तावाचा उल्लेख ‘सोसायटीची शिल्लक सट्ट्यात लावण्याचा प्रस्ताव’ असा झाला आहे. शिल्लक रकमेचा एक लहानसा भाग दीर्घ मुदतीसाठी समभागांत गुंतवावा, एवढेच मी सुचवले होते. प्रस्ताव फेटाळला गेला याचे मला दुःख नाही, परंतु माझ्या तोंडी नसलेला शब्द माझ्या नावावर नोंदवला जावा, हे मला मान्य नाही.

सचिव : आपल्या भावनेचा आदर आहे. सभेत अनेकांनी हाच शब्द उच्चारला होता आणि इतिवृत्त म्हणजे घडले त्याचीच नोंद असते.

अ-२०१ : वाहनतळाच्या प्रकरणातही ‘अतिक्रमण’ हा शब्द असाच ‘अनेकांनी उच्चारला’ होता. पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे.

ब-३०३ : मूळ मुद्दा एकच आहे. नफा झाला की गुंतवणूक आणि तोटा झाला की सट्टा, असा सोयीचा अर्थ कोणीही घेऊ नये.

ब-४०४ : मी आयुष्यभर व्याकरण शिकवले, म्हणून राहवत नाही. या वाक्यात ‘सट्टा’पेक्षा ‘लावण्याचा’ हे क्रियापद अधिक बोचरे आहे. आपण बँकेत पैसे ‘ठेवतो’, धंद्यात ‘घालतो’, समभागांत ‘गुंतवतो’ आणि पैजेवर ‘लावतो’. शेअर बाजारात ‘खेळतो’ असे आपण सहज म्हणतो, पण मुदत ठेवीत खेळतो असे कोणी म्हणत नाही. ‘सट्टेबाज’ शब्दातील ‘बाज’ हा फारसी प्रत्ययही खेळणाऱ्याचाच आहे. म्हणजे निवाडा क्रियापदातच होऊन जातो, आकडे नंतर पाहिले जातात.

क-१०२ : काकू, ‘गुंतवणूक’ तरी कोठे निर्दोष आहे? तिच्यात ‘गुंतणे’ आहेच, आणि माझे पैसे इतके गुंतले आहेत की गेली सहा वर्षे मी गाठ शोधतो आहे.

ब-४०४ : विनोद चांगला आहे आणि व्युत्पत्तीही बरोबर आहे. आता ‘विकत घेणे’ पाहा. ‘विकत’ हे रूप ‘विकणे’चे, म्हणजे मराठीत साधी खरेदी करतानाही आधी विकणारा डोळ्यांसमोर येतो. संस्कृतातही ‘क्री’ म्हणजे विकत घेणे आणि त्यालाच ‘वि’ हा उपसर्ग लागला की विकणे. एवढ्याशा उपसर्गाने माणूस काउंटरच्या पलीकडे जातो. ‘खरेदी’ मात्र फारसीतून आली, आणि ‘दलाल’, ‘नफा’ व ‘वायदा’ यांची मुळे अरबीत आहेत.

क-५०१ : हा ग्रुप पाणी, लिफ्ट व देखभाल यांसाठी आहे, याची नम्र आठवण करून देतो.

ब-४०४ : आपण रोज सकाळी फुलांची चित्रे पाठवता, तीही आम्ही देखभालीतच धरतो.

खजिनदार : कृपया वैयक्तिक होऊ नये. ‘वायदा’ म्हणजे वचन, हे येथे महत्त्वाचे आहे. पीक हाती येण्यापूर्वीच भाव ठरवून घेणारा शेतकरी स्वतःची जोखीम कमी करतो, पण ती जोखीम नाहीशी होत नाही, ती दुसऱ्या कोणाच्या तरी माथी जाते. भाव आपल्या बाजूने हलेल या अंदाजावर ती पत्करणारा तो सट्टेबाज. तो नसेल तर त्या शेतकऱ्याला समोर गिऱ्हाईक मिळणे अवघड होईल. म्हणून हा शब्द केवळ शिवी म्हणून वापरणे मला पटत नाही, जरी मी प्रस्तावाच्या विरोधात मत दिले असले तरी.

अ-२०१ : खजिनदारांचे आभार. इंग्रजी ‘स्पेक्युलेशन’च्या मुळाशी लॅटिन ‘स्पेक्युला’ आहे, म्हणजे टेहळणीचा मनोरा. उंचावरून दूरवर पाहणे, असा तो अर्थ आहे.

सचिव : न्यूटननेही दूरवर पाहिलेच असेल. 1720 मध्ये साऊथ सी या ब्रिटिश व्यापारी कंपनीच्या समभागांत त्याचे मोठे नुकसान झाले. सोसायटीत त्याच्याहून हुशार कोण आहे, हे कळवावे.

ब-३०३ : मी वर लिहिलेले कोणी वाचलेले दिसत नाही. नफा झाला की गुंतवणूक आणि तोटा झाला की सट्टा, असा सोयीचा अर्थ कोणीही घेऊ नये.

क-१०२ : वाचले, दादा. भाव आज चढाच आहे, उद्या पुन्हा टाका.

खजिनदार : सचिवांचा टोला बाजूला ठेवून सांगतो, खरी भीती हातात नसलेली वस्तू विकण्याची असते. ॲमस्टरडॅममध्ये 1610 मध्येच हातात नसलेले समभाग विकण्यावर बंदी घातली गेली आणि डच लोक अशा व्यवहाराला ‘वाऱ्याचा व्यापार’ म्हणत. पुढे लंडनमध्ये अशा विक्रेत्याला, अस्वल मारण्याआधीच त्याचे कातडे विकणारा, असे म्हणू लागले. भाव पडेल या अंदाजावर विकणाऱ्या मंदीवाल्याचे ‘अस्वल’ हे नाव तेथूनच आले.

ब-४०४ : आपल्याकडे अस्वल नाही, पण ‘बाजारात तुरी’ आहेच. तुरी अजून बाजारातच आहेत आणि घरात भांडण पेटले आहे. या ग्रुपचे याहून नेमके वर्णन मला सुचत नाही.

अ-२०१ : काकू, भांडण तुरींवरून नसून नोंदीवरून आहे. मी हातात नसलेले काही विकण्यास सांगितले नव्हते आणि दिवसभरात घेऊन विकण्यासही नाही.

सचिव : ठीक आहे. ‘शिल्लक रकमेचा काही भाग दीर्घ मुदतीसाठी समभागांत गुंतवण्याचा प्रस्ताव बहुमताने अमान्य झाला’ असा बदल सुचवतो. मात्र ‘काही सदस्यांनी यास सट्टा संबोधले’ हे वाक्य राहील, कारण तसे झालेच आहे.

अ-२०१ : सदस्यांचे सदनिका क्रमांकही लिहावेत.

सचिव : त्यास सभेची परवानगी लागेल. दुरुस्त इतिवृत्त उद्या सूचनाफलकावर लावले जाईल.

ब-४०४ : ‘लावले’ जपून म्हणा.

ब-३०३ : माझा मुद्दा इतिवृत्तात घेतला जाणार आहे काय? नफा झाला की गुंतवणूक आणि