डोंगराळ सीमाभागात रोडबाईक: गिअर पुरतील का?

प्रश्न: सीमेलगतच्या गावांतून रोडबाईकने (रस्त्यावरच्या हलक्या सायकलने) जायचंय. पेडलपाशी पुढे ५० आणि ३४ दातांची दोन चक्रं, मागच्या चाकाला ११ ते २८ दातांची. दहा टक्क्यांचे चढ निघतील?

चढवेडा: निघतील, पण गुडघे बोलतील. मागे ११-३४ टाका, सगळ्यात हलका गिअर एकास एक होतो (पुढे ३४, मागे ३४ दात), बसून चढता येतं. डिरेल्युअरला (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाला) ३४ दातांचं चक्र झेपतं का ते आधी बघा. साखळीही बहुधा लांब लागेल.

प्रश्नकर्ता: आणि उतार? रिम ब्रेक (चाकाच्या कडेला घासून थांबवणारे) आहेत.

चढवेडा: ब्रेक सतत धरून ठेवू नका, रिम तापून ट्यूब फुटू शकते. वळणाआधी जोरात दाबा, मग सोडा. गावात मात्र वेग आधीच मोडा. कुत्री, कोंबड्या, शेण नेमकं वळणापलीकडेच असतं!

तिसरा: ओळखपत्र जवळ ठेवा. मोबाईल सीमेपलीकडचं नेटवर्क पकडतो, रोमिंग बंद करा.