मदत हवी आहे: बँड थांबला, जुन्या गाण्यांचं काय करू?

मंडळी, आमचा चौघांचा मराठी रॉक बँड दिवाळीनंतर थांबला. भांडण नाही. एक बंगळुरूला गेला, एकाला बाळ झालं, ड्रमरचं तर... असो. आता गिटार, लूपर (वाजवलेला तुकडा पुन्हा पुन्हा ऐकवणारं यंत्र) आणि मी, एवढंच.

अडलंय ते जुन्या पाच गाण्यांवर. शब्द माझे, चाली मी आणि बेसवाल्याने मिळून बांधलेल्या, रेकॉर्डिंगचा खर्च चौघांत. कागदावर काहीच नाही (तेव्हा सगळं टपरीवर कटिंग पीत ठरायचं!). कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे, इतपत वाचलंय. म्हणजे मी नव्याने रेकॉर्ड केलं तरी चालीसाठी बेसवाल्याची संमती हवीच ना? नव्या रेकॉर्डिंगला आयएसआरसी क्रमांकही (प्रत्येक रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) नवा लागतो, ते कळलं. पण आयपीआरएसकडे (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) गाण्यातला वाटा नोंदवण्याआधी तुम्ही आपसात लेखी काय केलंत? साध्या कागदावर सह्या पुरल्या, की वकील गाठलात?

आणखी एक. स्पॉटिफायवर बँडचे श्रोते मागे सोडून नव्या नावाने शून्यापासून सुरुवात केलेलं कुणी आहे का इथे? स्वतःच्या नावाने गायचं म्हटलं की अजून लाजायला होतं.