"पाच वॅटचे घ्या आणि निर्धास्त राहा" हा सल्ला धोक्याचा आहे

खडकमाथा: रुग्णालयासाठी वॉकीटॉकी कोणते घ्यावेत, असं काल एकीनं विचारलं. त्यावर उत्तर आलं, "सगळ्यांना पाच वॅटचे द्या, खोक्यावर ३० किलोमीटर लिहिलेलं बघा आणि निर्धास्त राहा." रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय. ते ३० किलोमीटर डोंगरमाथ्यावरून खालच्या दरीशी बोलताना मिळतात. सपाट मोकळ्या मैदानात दोन माणसं सेट हातात धरून उभी राहिली, तर पृथ्वीच्या गोलाईमुळेच दहाएक किलोमीटरवर सगळं संपतं. वॅट दुप्पट केले की पदरात पडतात ३ डेसिबल (सिग्नलची ताकद मोजायचं माप); काँक्रीटची एक जाड भिंत त्याहून जास्त खाते. इमारतीत यूएचएफ (वरच्या फ्रिक्वेन्सीचे सेट), रानावनात व्हीएचएफ (खालच्या फ्रिक्वेन्सीचे), हे आधी ठरवा. आणि विकत घेण्याआधी दोन सेट उसने आणून लिफ्टमध्ये, तळघरात, जिन्यात बोलून बघा.

मैदानी: तो सल्ला माझाच. लांब पल्ल्याच्या शर्यतींत स्वयंसेवकांची तुकडी मी सांभाळतो. एकदा अर्ध्या वॅटचे, परवाना लागत नाही असे सेट घेतले. पाण्याच्या टेबलावरचा मुलगा जीव तोडून सांगत होता आणि माझ्या कानात नुसती खरखर. धावणारा कोसळला होता, आणि ते मला कळलं सायकलवरून निरोप आला तेव्हा. तुमचे डेसिबल तुमच्यापाशी ठेवा.

रात्रपाळी: सेट कमरेला लावून बारा तास फिरतो तो मी. मला कुणी विचारतं का? बॅटरीचे तास कंपन्या ५-५-९० धरून लिहितात: ५ टक्के बोलणं, ५ टक्के ऐकणं, ९० टक्के गप्प. आमच्याकडे आग लागल्याची घंटा वाजली की तासभर बोलणं थांबत नाही. पहाटे चारला सेट मान टाकायचा. डिजिटल घेतल्यापासून तेवढी तरी सुटका झाली.

जुनी_खरखर: डिजिटलचं नाव काढलंत म्हणून सांगतो. बटन दाबल्या दाबल्या बोललं तर सुरुवातीचे शब्द गिळले जातात. आमच्या बांधकामावर मुकादम ओरडला, "थांबव, खाली माणूस आहे!" क्रेनवाल्याला ऐकू आलं, "...माणूस आहे." त्यानं भार आणखी हातभर खाली आणला. जुन्या ॲनालॉग सेटमध्ये रेंज संपत आली की खरखर वाढते, माणूस सावध होतो. डिजिटल शेवटपर्यंत स्वच्छ आणि मग एकदम मुकं.

दोन_फटी: हा दोष सेटचा नाही, शिकवण्याचा. बटन दाबा, क्षणभर थांबा, मग बोला. डीएमआरमध्ये (डिजिटल वॉकीटॉकीची एक पद्धत) साडेबारा किलोहर्ट्झच्या एकाच चॅनेलवर दोन संभाषणं चालतात. सफाईवाले आणि सुरक्षावाले एकमेकांवर बोलत नाहीत. तुम्हाला नवं शिकायचंच नसेल तर बोलणं खुंटलं.

जुनी_खरखर: भार डोक्यावर येत असताना क्षणभर थांबायचं? त्या क्रेनखालचा माणूस मीच होतो. मला शिकवू नका.

दोन_फटी: ते मला माहीत नव्हतं. शब्द मागे घेतो. क्रेनच्या इशाऱ्याला ॲनालॉग ठेवा, हेही मान्य. पण त्या एका प्रसंगावरून रुग्णालयाला डिजिटल नको म्हणणं मला पटलेलं नाही.

रात्रपाळी: सगळे हे सोडून मोबाइलवरच्या बोलण्याच्या ॲपवर का जात नाहीत?

मैदानी: कारण गर्दी झाली की मोबाइलचं नेटवर्क आधी गुदमरतं, आणि आम्हाला नेमकी गर्दीतच गरज असते.

खडकमाथा: इथे मैदानींशी सहमत. उघड्यावर अर्ध्या वॅटपेक्षा पाच वॅट बरे, हेही मान्य करतो. पण तुमचा अँटेना माणसाच्या कानाशी आहे. तेच पाच वॅट एखाद्या गच्चीवरच्या रिपीटरमधून (आलेला सिग्नल उचलून पुढे पाठवणारं यंत्र) पाठवा, मग बघा.

मैदानी: तळघराचा विचार मी केला नव्हता. तेवढं चुकलं. अर्धा वॅट मात्र कुणाला सुचवू नका.

रात्रपाळी: आणि प्रत्येक बॅटरीवर घेतल्याची तारीख मार्करनं लिहा. आमच्याकडे मेलेल्या बॅटऱ्या नव्यांत मिसळतात आणि रात्री कुणाच्या वाट्याला कुठली येईल सांगता येत नाही.

वॉर्ड_सात: मूळ प्रश्न माझा. आज यूएचएफचे दोन उसने सेट घेऊन सगळे मजले फिरले. वॉर्डांत आवाज स्वच्छ. एक्स-रेच्या खोलीत, शिशाच्या दाराआड, काहीच नाही. तळघरात ऑक्सिजनच्या टाक्यांपाशी तुटक. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर मात्र परत ऐकू येतं. दोन्ही जागा वहीत लिहून घेतल्यात. रिपीटरवाल्याला उद्या आधी तळघरात नेणार आहे.